जिवाणू धातू 'खातात' का? कारखान्याचं सांडपाणी आणि सूक्ष्मजीव



दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये 'सूक्ष्मजीवशास्त्राची ओळख' हा पाठ आहे. त्यात जिओबॅक्टर नावाच्या जिवाणूचा उल्लेख येतो. हा जिवाणू युरेनियमच्या विद्राव्य क्षारांचं अविद्राव्य क्षारांत रूपांतर करतो, म्हणून ते भूजलात मिसळत नाहीत. बस्स, तेवढंच. मुलं एका गुणाचं उत्तर पाठ करतात आणि मोकळी होतात. मी प्राथमिकला शिकवते, पण मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. कारण आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे आईवडील सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला जातात, आणि युरेनियम नसलं तरी क्रोमियम, निकेल, जस्त ही नावं त्यांच्या घरात रोजची आहेत.

आधी एक गैरसमज दूर करू. 'जिवाणू विष खाऊन टाकतात' असं आपण वर्गात सहज बोलून जातो. तेल किंवा उरलेलं अन्न याबाबतीत ते बऱ्याच अंशी खरं आहे, कारण त्यांचे रेणू तुटतात. पण धातू हे मूलद्रव्य आहे. त्याला तोडणार कसं? क्रोमियमचा अणू जिवाणूच्या पोटात गेला तरी क्रोमियमच राहतो. जिवाणू फक्त त्याचं रूप बदलतो किंवा त्याला पाण्यातून बाजूला काढतो.

आता प्लेटिंगच्या कारखान्याकडे बघा. नळाच्या तोट्या, गाड्यांचे सुटे भाग यांच्यावर चकचकीत मुलामा चढवला की ते पाण्यात धुतात. या धुण्याच्या पाण्यात थोडा थोडा धातू उतरतो. त्यातला सगळ्यात त्रासदायक म्हणजे षट्संयुजी क्रोमियम. तो पाण्यात सहज विरघळतो, आणि त्याचा क्रोमेट आयन दिसायला इतका सल्फेटसारखा असतो की पेशी त्याला सल्फेट समजून आत घेते! वर्षानुवर्षं त्याची वाफ नाकात गेली तर नाकाच्या पडद्याला जखमा होतात, फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. त्याचाच भाऊ त्रिसंयुजी क्रोमियम मात्र बराच कमी घातक, आणि साध्या पाण्यात तो फारसा विरघळत नाही. आपल्या देशाचा नियमही हा फरक ओळखतो. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, पण षट्संयुजी फक्त ०.१ मिलिग्रॅम. म्हणजे हजार लिटरच्या टाकीत ग्रॅमचा दहावा भाग. डोळ्यांना पाणी स्वच्छच दिसणार, म्हणून 'पाणी नितळ आहे' यावर जाऊ नका.

कारखान्यात नेहमीची पद्धत अशी: पाणी आम्लधर्मी करायचं, सोडियम मेटाबायसल्फाइट घालून क्रोमियमचं रूप बदलायचं, मग चुना घालून धातू गाळात बसवायचा. हा शेवटचा टप्पा नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला सांगावाच लागत नाही. बोर्डो मिश्रण आठवा! १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. मोरचुदाचं निळं पारदर्शक पाणी चुना पडताच गढूळ होतं, कारण विरघळलेलं तांबं आता घन कणांत आलं. विद्राव्याचं अविद्राव्य झालं, हेच ते पाठ्यपुस्तकातलं वाक्य. (घरी करून दाखवायचं तर मोठ्यांनीच करा. मोरचूद विषारी आहे, लहानांच्या हातात देऊ नका.)

जिवाणू हेच काम आपल्या पद्धतीने करतात. सूडोमोनास, बॅसिलस यांच्या काही जाती आपल्या विकरांच्या साहाय्याने षट्संयुजी क्रोमियमला इलेक्ट्रॉन देतात आणि त्याचं त्रिसंयुजी करतात. सांडपाण्याच्या गाळात असे जिवाणू असल्याचं रशियन शास्त्रज्ञांनी १९७७ मध्येच नोंदवलं होतं. दुसरा प्रकार तुम्ही नाकाने ओळखता. तुंबलेल्या नाल्याचा काळा गाळ आणि सडक्या अंड्यांचा वास! तिथे हवेशिवाय जगणारे जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात, आणि हा वायू धातूला भेटला की धातूचं सल्फाइड तळाला बसतं. नेदरलँड्समधल्या बुडेल इथल्या जस्ताच्या कारखान्यात १९९२ पासून याच तत्त्वावर भूजल शुद्ध केलं गेलं. तिसऱ्या प्रकारात तर जिवाणू जिवंत असायचीही गरज नाही. पेशीभित्तिकेवर ऋण प्रभार असतो, धातूचे आयन धन, म्हणून ते नुसते चिकटतात.

आपल्या जवळचं उदाहरण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं. प्लेटिंगच्या पाण्यात तांबं, जस्त, चांदी हे सायनाइडशी जखडलेले असतात. तिथल्या संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस दोन्ही कामं जोडून पाहिली: धातू जैविक पदार्थाने शोषायचे आणि सायनाइड जिवाणूंकडून तोडून घ्यायचं. सायनाइड मात्र खरोखर तुटतं बरं का, कारण ते कार्बन-नायट्रोजनचं संयुग आहे.

मग प्रत्येक कारखान्यात हे का नाही? जिवाणू सजीव आहेत हो! त्यांना खाणं लागतं. त्यासाठी साखर कारखान्याची मळी चालते, ती आपल्याकडे मिळतेही. पण धातू फार जास्त झाला तर तेच मरतात. सोमवारी आम्लाचं पाणी, मंगळवारी अल्कलीचं, असं झालं तरी बिनसतं. रसायन मिनिटांत काम करतं, जिवाणूंना तास किंवा दिवस लागतात. छोट्या शेडमध्ये टाक्यांना एवढी जागा कुठून आणायची? त्यामुळे माझ्या मते दाट पाणी रसायनाने आणि उरलेलं पातळ पाणी जिवाणूंनी, अशी जोडीच जास्त व्यवहार्य.

आणि गाळाचं काय? मुलं हा प्रश्न विचारतातच, विचारू द्या. धातू नाहीसा झालेला नाही, तो त्या गाळात आहे. नियमाप्रमाणे हा घातक कचरा समजला जातो. तो रांजणगावसारख्या खास केंद्रात पाठवावा लागतो, तिथे तो अस्तर लावलेल्या खड्ड्यात बंदिस्त करतात. तोच गाळ रात्री ओढ्याकाठी टाकला, तर पुढच्या पावसात धातू पुन्हा पाण्याकडे निघतो, आणि आपली नासर्डी टाकळीजवळ गोदावरीलाच मिळते.