वऱ्हाडातला उन्हाळा आणि दारचे कुत्रे

वैशाखात चांदूर रेल्वेच्या परिसरात पारा 44 अंशांपलीकडे चढतो, तेव्हा माणूस घामावाटे आपला दाह शमवितो. परंतु ज्या मुक्या जीवाला घाम केवळ पंजांच्या तळव्यांनाच काय तो येतो आणि ज्याची सारी भिस्त जीभ काढून धापा टाकण्यावर असते, त्या कुत्र्याला तापल्या टिनांखाली बांधून ठेवणे हा प्रत्यक्ष अन्याय होय. धाप थांबेना, पाय लटपटू लागले, की अंगावर साधे पाणी ओतीत त्याला विनाविलंब पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.

ज्वारीची भाकरी त्याला चालते, पण अंडी वा मांसाची जोड हवीच. मायेपोटी कांदालसणाचे झणझणीत कालवण घालणे मात्र सर्वस्वी वर्ज्य, कारण कांद्याने रक्तातील तांबड्या पेशींचा नाश होतो. त्याचा चिडका स्वभाव पुष्कळदा दिवसभराच्या साखळीतून उपजतो, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून पहाटे व सूर्यास्तानंतर त्याला अवश्य फिरवावे.

रेबीजची लक्षणे प्रकट झाल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. तेव्हा पिल्लू तीन महिन्यांचे होताच लस टोचून घ्यावी, पुढील तारखेची घरच्या दप्तरी नोंद ठेवावी, आणि ती तारीख चुकवू नये, एवढी वाचकांस कळकळीची विनंती.