समोर बसलेला चेहरा

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थी झालो. आयुष्यभर हाती खडू धरलेल्या मुख्याध्यापकाने आता कुंचला धरावा, याचे आप्तेष्टांना नवल वाटले. कारण अगदी घरगुती होते. आईने चौऱ्याऐंशी वर्षे पूर्ण केली, त्या दिवशी घरात तिचे धड असे एकही छायाचित्र नाही, हे ध्यानात आले. लग्नमुंजींच्या गर्दीत कोपऱ्यात उभी राहिलेली, कुणाच्या तरी खांद्याआड अर्धी झाकलेली आई तेवढी सापडे. तेव्हा तिचे व्यक्तिचित्र आपणच रंगवावे, असे मनाने घेतले.

आमच्या इंदूरला चित्रकला परकी नाही. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ साली येथे चित्रशाळा सुरू केली. नारायण श्रीधर बेंद्रे यांचे आरंभीचे शिक्षण तेथेच झाले. मात्र त्या काळी मोठे व्यक्तिचित्र म्हटले की तैलरंग आलेच, आणि त्यांच्याबरोबर टर्पेंटाइनचा उग्र वास व वाळण्याची दिवसचे दिवस प्रतीक्षा. आईला दमा आहे. तिच्या खोलीत हा व्याप शक्य नव्हता. आमच्या शाळेतील चित्रकलेच्या बाईंनी ॲक्रिलिक रंग सुचवले. वयाने त्या माझ्या मुलीएवढ्या. पण त्या दिवसापासून दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्यांचा विद्यार्थी झालो.

गेल्या शतकाच्या मध्यास प्रचारात आलेल्या या रंगांत रंगद्रव्य जवसाच्या तेलात नव्हे, तर पाण्यात मिसळलेल्या ॲक्रिलिक राळेत खललेले असते. पाणी उडून गेले की राळेचे कण एकजीव होतात आणि मग तो थर पुन्हा पाण्याने विरघळत नाही. पातळ थर दहा-पंधरा मिनिटांत वाळतो. हा गुण की दोष, हे रंगवणाऱ्याच्या सावधपणावर अवलंबून! माझा पहिला कुंचला धुवायचा राहिला, तो दुसऱ्या दिवशी काडीसारखा कडक झाला. रंग ताटलीतच सुकू लागले, तेव्हा बाईंनी युक्ती सांगितली : स्टीलच्या थाळीत ओले फडके पसरावे, वर बटर पेपर घालावा आणि त्यावर रंग काढावेत; तासन्‌तास ओले राहतात. आणखी एक गंमत अशी की ओली राळ दुधाळ असते व वाळल्यावर पारदर्शक होते. त्यामुळे लावताना योग्य वाटलेला रंग वाळल्यावर किंचित गडद दिसतो. नवख्याने कागदाच्या कपट्यावर आधी लावून पाहावे, हे बरे.

रंगांचा फार पसारा लागत नाही. पिवळी काव, बर्न्ट सायना, अल्ट्रामरीन निळा आणि पांढरा एवढ्यावर आपल्याकडील बहुतेक कांती साधते. मी सावलीसाठी काळा वापरला, तर गाल काजळी धरल्यासारखे दिसले. उजेडासाठी पांढरा ओतला, तर चेहऱ्यावर खडूची भुकटी पडली. बर्न्ट सायना व निळा यांच्या मिश्रणातून येणारी गडद छटा सावलीला अधिक शोभते. डोळ्यांतले पांढरेही पांढरे नसते, करडे असते.

परंतु खरी अडचण रंगांची नव्हतीच. माझे पहिले चित्र पाहून बाई संकोचाने म्हणाल्या, “सर, आपण डोळा माहीत आहे तसा काढलात, दिसला तसा नाही.” ते खरे होते. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. मी ते कपाळात चढवले होते. दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याएवढे अंतर असते, हे नियम मी पाठ केले. पण दात गेले की जबडा आखूड होतो, गाल आत जातात, आणि पुस्तकी मापे म्हाताऱ्या चेहऱ्याला जशीच्या तशी लागू पडत नाहीत. तेथे पाहण्यावाचून गत्यंतर नाही. डोळे किलकिले करून उजेड आणि सावली यांचेच आकार पाहावेत, हात लांब करून कुंचल्याच्या दांड्याने मापे घ्यावीत, चित्र उलटे धरून चूक शोधावी, असे मी शिकत गेलो.

दुसरे चित्र मी जुन्या फोटोवरून करू लागलो, तेव्हा आई म्हणाली, “मी इथे जिवंत बसले आहे ना? मग फोटो कशाला?” दर रविवारी दुपारी ती खिडकीशी बसू लागली. वाचकहो, सांगायला लाज वाटते. पण एका घरात राहून गेल्या कित्येक वर्षांत तिच्यासमोर सलग तासभर मी बसलो नव्हतो. औषधे घेतलीस का, जेवलीस का, एवढ्यावर आमचे बोलणे संपत असे. तिसऱ्या रविवारी तिच्या डाव्या भुवईवर मला एक बारीक वण दिसला. “सात वर्षांची असताना देवासला आजोळी झोपाळ्यावरून पडले होते,” ती म्हणाली. त्या दुपारी आजोळचा सारा वाडा तिच्या बोलण्यातून उभा राहिला. चौपन्न वर्षांत मी तो वण पाहिला नव्हता.

ॲक्रिलिकचा एक गुण मला शिक्षक म्हणून फार मोलाचा वाटला. चुकलेला भाग वाळला की त्यावर दुसरा थर देता येतो. खालची चूक वर येत नाही. माझ्या चुकांवर बाईंनी कधी रेघ ओढली नाही. “यावर अजून एक हात द्या,” एवढेच त्या म्हणत. मुलांच्या वह्यांवर तीस वर्षे ओढलेल्या माझ्या लाल रेघा मला तेव्हा आठवत. आता मी तपासताना ‘पुन्हा लिही’ असे लिहितो आणि पुन्हा लिहिलेले वाचतो.

सध्या चौथे चित्र चालू आहे. भुवईवरचा वण त्यात बरोबर जागी आला आहे. हनुवटी मात्र अजून फसते. आईने चष्मा लावून ते बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाली, “कुडी तेवढी छान काढलीस.” मग जरा थांबून तिने विचारले, “पुढच्या रविवारी बसायचे ना?”

हनुवटीची मला आता घाई नाही.