व्यंगचित्रांच्या ग्रंथाची शिवणपेटी

'द न्यूयॉर्कर' या अमेरिकन साप्ताहिकातील व्यंगचित्रांचा भला मोठा संग्रह २००४ साली निघाला. पाने ६५६. १९२५पासूनची निवडक चित्रे कागदावर आणि सगळी मिळून ६८,६४७ चित्रे सोबतच्या दोन सीडींवर. मामूंनी आखातातून परतताना तो आणला. मांडीवर पेलत नाही, म्हणून मुले तो जमिनीवर ठेवून भोवती कोंडाळे करत. इंग्रजी येण्याआधी ती त्यातली चित्रे पाहून हसू लागली.

मागच्या पावसाळ्यात फडताळाच्या खालच्या फळीवर पाणी साठले. आडव्या ठेवलेल्या ग्रंथाची वरची सव्वाशेएक पाने बचावली, बाकीची विटेसारखी घट्ट झाली. गुळगुळीत कागद ओला असतानाच सुटा केला तर वाचतो; चिकटून वाळला की सोडवताना छपाईच उखडते.

किताबीवर सुरी चालवायला अम्मींचा विरोध होता. पण त्यांच्या सुया, टाचण्या ढिल्या झाकणाच्या बिस्किटाच्या डब्यात, आणि घरात रांगती नात. एकदा सुई चटईत सापडली. त्या दिवशी अम्मीच म्हणाल्या, "जी उघडतच नाही, ती कसली किताब? करा पेटी."

बांधणीचा दोरा कापून चांगली पाने आधी काढून घेतली. दोन भाग फेविकॉल, एक भाग पाणी असे मिश्रण उरलेल्या गठ्ठ्याच्या तिन्ही कडांना ब्रशने लावले, वरच्या पुठ्ठ्याखाली प्लॅस्टिक घातले आणि रात्रभर वर पाटा ठेवला. (पिठाची खळ लावू नये, कसर लागते. बाइंडिंगवाले तिच्यात मोरचूद घालतात, पण ते विष; लहान मूल असलेल्या घरात नकोच.) सकाळी चारी बाजूंनी दोन बोटे जागा सोडून चौकोन आखला. स्टीलची पट्टी धरून कटरने एका वेळी थोडाच थर कापायचा. जोर लावला की पाते घसरते, म्हणून बोथट होताच ते बदलावे. हे काम मुले झोपल्यावरच करावे. तळाची दहाएक पाने तशीच ठेवली, आतल्या भिंतींना पुन्हा फेविकॉल, तळाशी जुन्या दुपट्ट्याचा तुकडा. टाचण्यांसाठी कोपऱ्यात जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक बसवले. कणा सैल राहिला, तिथे पुठ्ठ्याची पट्टी घातली. पुठ्ठ्यांना दोन नाड्या लावून अम्मी अशी गाठ मारतात की ती आम्हालाही चटकन सुटत नाही.

सुट्या पानांच्या तसबिरी करा, असे एका शेजाऱ्यांनी सुचवले. आमच्याकडे भिंतीवर माणसांची चित्रे लावत नाहीत. ती पाने शाळेत गेली. चित्राखालची ओळ दुमडायची आणि मुलांनी आपली ओळ लिहायची, मराठीत किंवा उर्दूत. ते साप्ताहिकही २००५पासून दर आठवड्याला वाचकांकडून अशा ओळी मागवते. निर्जन बेटावर एकटा अडकलेला माणूस हा त्या चित्रकारांचा लाडका विषय. आमच्या सातवीतल्या एका मुलीने त्याच्याखाली लिहिले, "शेवटची एसटी चुकली वाटतं." निबंधात चार वाक्ये लिहायला कंटाळणारी ही मुलगी; त्या तासाला तिने सहा पाने मागून घेतली.

सीडी चालवायला घरात यंत्रच नाही. अम्मींनी त्या पाखरांना भिववायला परसात मिरच्यांवर टांगल्या. पाखरे दोन दिवस बिचकली, मग सरावली.