सगळ्यांचं घर, पण किल्ली कुणाकडे?

जगातल्या दर दहा वेबसाइटपैकी चारांहून अधिक वर्डप्रेसवर चालतात. ते फुकट आहे, खुलं आहे आणि कुणा एकाचं नाही, असं २०२४ च्या सप्टेंबरपर्यंत सगळेच धरून चालले होते. मग असं काय झालं?

कॉलेजच्या फेस्टची वेबसाइट करायचीय, मावशीच्या घरगुती मसाल्यांना ऑनलाइन दुकान हवंय, कोकणातल्या होमस्टेचं बुकिंग सुरू करायचंय... अशा वेळी ओळखीतल्या ‘कम्प्युटरवाल्या’ पोराला किंवा पोरीला फोन जातो आणि पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, ‘वर्डप्रेसवर करून टाकू!’ दोन-तीन दिवसांत साइट उभी राहते. मावशी स्वतःच मसाल्यांचे फोटो आणि भाव बदलू लागते. कोडची एक ओळ तिला माहीत नसते आणि माहीत असण्याची गरजही नसते.

याला म्हणतात सीएमएस, म्हणजे कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम. मजकूर डेटाबेसमध्ये राहतो, त्याचं दिसणं थीम ठरवते आणि दुकान, बुकिंग, फॉर्म असल्या जास्तीच्या सोयी प्लगइन पुरवतात. कुणी पान उघडलं की या तिन्ही गोष्टी सॉफ्टवेअर जागच्या जागी जोडून दाखवतं. उद्या थीम बदलली तरी मजकूर हलत नाही. घराला नवा रंग दिला म्हणून फर्निचर बाहेर काढावं लागत नाही, तसंच काहीसं.

आपल्याकडे कितीतरी जणांची पहिली कमाई अशाच एखाद्या साइटमधून झालेली असते. म्हणूनच हे सॉफ्टवेअर बनवतं कोण, चालवतं कोण आणि उद्या कुणी आडवं आलं तर काय, हे ठाऊक असलेलं बरं.

लेखक गप्प, कोड जिवंत

गोष्ट सुरू होते बीटू नावाच्या एका छोट्या ब्लॉगिंग सॉफ्टवेअरपासून. मिशेल वाल्द्रिगी या कॉर्सिकाच्या तरुणानं ते पीएचपी भाषेत लिहिलं होतं. वापरणारे खूश होते, पण २००२ च्या सुमाराला त्याचं काम थंडावलं आणि लेखकही दिसेनासा झाला. अमेरिकेत ह्यूस्टनला राहणारा १९ वर्षांचा मॅट मुलनवेग हा त्याच्या वापरकर्त्यांपैकी एक. २४ जानेवारी २००३ रोजी त्यानं आपल्या ब्लॉगवर आपली अडचण मांडली. सॉफ्टवेअर अडकलंय, पण त्याचा परवाना जीपीएल आहे, म्हणजे कोड घेऊन पुढे जायला कुणाची आडकाठी नाही, असा त्याचा मुद्दा होता. दुसऱ्याच दिवशी खाली प्रतिक्रिया आली ती इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टच्या माइक लिटलची. तू खरंच करणार असशील, तर मीही येतो, असा त्याचा सूर. दोघांनी एकमेकांना तोवर कधी पाहिलेलं नव्हतं.

२७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. तिचा क्रमांक होता ०.७, कारण बीटूची गाडी जिथे थांबली तिथूनच पुढे जायचं होतं. ‘वर्डप्रेस’ हे नाव सुचवलं क्रिस्टीन ट्रेमुले या मैत्रिणीनं. पुढे जानेवारी २००४ मध्ये १.० आली, ती जॅझवाल्या माइल्स डेव्हिसच्या नावानं. मोठ्या आवृत्त्यांना जॅझ कलावंतांची नावं द्यायची रीत तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे.

इथे जीपीएलचं महत्त्व समजून घ्यायला हवं. हा परवाना चार मुभा देतो : वापरा, आतलं उघडून पाहा, बदला आणि वाटा. अट एकच. बदललेलं वाटणार असाल तर पुढच्यालाही याच मुभा द्यायच्या. त्यामुळे लेखक कंटाळला, कंपनी बुडाली किंवा कुणाचं डोकं फिरलं, तरी कोड मरत नाही. असा कोड उचलून वेगळी वाट धरण्याला ‘फोर्क’ म्हणतात. वर्डप्रेसचा जन्मच फोर्कमधून झाला.

मुभा नसली की काय होतं, हे लोकांना लवकरच दिसलं. त्या काळात मूव्हेबल टाइप नावाचं सॉफ्टवेअर जोरात होतं आणि ते एका कंपनीचं होतं. मे २००४ मध्ये कंपनीनं परवान्याच्या अटी बदलल्या. फुकट आवृत्तीत किती लेखक आणि किती ब्लॉग चालतील यावर मर्यादा आली. चिडलेले ब्लॉगर बाडबिस्तरा उचलून वर्डप्रेसकडे आले. नेमकी त्याच महिन्यात वर्डप्रेसमध्ये प्लगइनची सोय झाली आणि २००५ मध्ये थीमची. आता मूळ कोडला हात न लावता कुणीही भर घालू शकत होतं. आज वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहात हजारो मोफत प्लगइन आहेत.

भांडणं झाली, ती होणारच

असं सॉफ्टवेअर वाढतं कसं? कुणाला चूक सापडते, तो तिची नोंद करतो. दुसरा दुरुस्ती लिहितो, तिसरा तपासतो, चौथा नाकं मुरडतो. शेवटी मोजक्या जणांना मूळ कोडमध्ये बदल चढवण्याचा हक्क असतो, त्यांच्यापैकी कुणीतरी तो चढवतो. मग बीटा आवृत्ती, चाचण्या आणि रिलीज. ज्यानं ज्यानं काम केलं त्याचं नाव त्या आवृत्तीच्या श्रेयनामावलीत झळकतं. यातले काही जण पगारी असतात, कारण त्यांची कंपनी त्यांना या कामासाठी वेळ देते. बाकीचे रात्रीचं जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडणारे.

एवढे लोक म्हटल्यावर खटके उडणारच. डिसेंबर २०१८ मध्ये आवृत्ती ५.० आली आणि लिहिण्याचा जुना साधा चौकोन जाऊन ‘गुटेनबर्ग’ हा ब्लॉक एडिटर बसला. परिच्छेद एक ब्लॉक, फोटो दुसरा ब्लॉक, ठोकळे रचल्यासारखं पान रचायचं. कुणाला हे फार आवडलं, कुणी कपाळावर हात मारला. घाई होतेय, स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध व्यक्तींचा पुरेसा विचार झालेला नाही, असे आक्षेप आतल्याच लोकांनी घेतले. जुना एडिटर परत आणणारं प्लगइन लाखो साइट्सवर चढलं. काहींनी ‘क्लासिकप्रेस’ नावाचा फोर्कच काढला.

वर्डप्रेसच्या एका स्पर्धकाचं तर बारसंच असं झालं. २००५ मध्ये मॅम्बो नावाच्या सीएमएसचे डेव्हलपर त्या नावाची मालकी असलेल्या ऑस्ट्रेलियन कंपनीशी बिनसल्यावर घाऊक बाहेर पडले. कोड त्यांनी बरोबर नेला, नाव मात्र नेता येईना. मग स्वाहिलीतल्या ‘जुमला’ शब्दावरून नवं नाव ठेवलं, ‘जूमला’. अर्थ, सगळे मिळून. मूळ शब्द अरबी. आपल्या जुन्या कागदपत्रांत एकूण बेरजेला ‘जुमला’ म्हणत, त्याचाच हा चुलतभाऊ. कोड घेऊन जाता येतो, नाव नेता येत नाही, हा धडा इथे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

तो सप्टेंबर

२००५ मध्ये मुलनवेगनं ऑटोमॅटिक ही कंपनी काढली. २०१० मध्ये वर्डप्रेस हे नाव, म्हणजे ट्रेडमार्क, वर्डप्रेस फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे गेलं. त्याचे व्यावसायिक हक्क मात्र ऑटोमॅटिककडे राहिले. दरम्यान वर्डप्रेसच्या साइट्स सांभाळणाऱ्या मोठमोठ्या होस्टिंग कंपन्या उभ्या राहिल्या. त्यातली एक डब्ल्यूपी इंजिन. तिच्यात सिल्व्हर लेक या गुंतवणूक कंपनीनं २०१८ मध्ये २५ कोटी डॉलर घातले.

सप्टेंबर २०२४ मध्ये मुलनवेगनं जाहीर तोफ डागली. ही कंपनी वर्डप्रेसवर बक्कळ कमावते, पण परत काहीच देत नाही, असा त्याचा आरोप. वर्डप्रेसच्या नावाच्या वापरापोटी उत्पन्नाच्या ८ टक्के रक्कम पैशांत किंवा कामाच्या रूपात द्या, अशी मागणी पुढे आली. कंपनीनं नकार दिला. आम्हीही प्लगइन बनवतो, कार्यक्रमांना पैसा देतो आणि नावाचा वापर नियमात बसतो, असं तिचं म्हणणं. मग त्याच महिन्यात वर्डप्रेस डॉट ऑर्गचे दरवाजे तिच्यासाठी बंद झाले.

दरवाजे बंद म्हणजे काय? जगभरातल्या वर्डप्रेस साइट्स प्लगइन आणि थीमचे अपडेट याच एका ठिकाणाहून घेतात. त्यामुळे डब्ल्यूपी इंजिनवर साइट ठेवलेल्या ग्राहकांना नेहमीच्या पद्धतीनं अपडेट मिळेनात. यात सुरक्षेचे अपडेटही आले. भांडण दोन कंपन्यांचं आणि अडकला मधला माणूस, ज्याला याचा पत्ताही नव्हता. ऑक्टोबरमध्ये त्या कंपनीचं अ‍ॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स हे अत्यंत लोकप्रिय प्लगइन अधिकृत संग्रहात ताब्यात घेऊन दुसऱ्या नावानं ठेवलं गेलं. साइटवर लॉगिन करताना ‘माझा डब्ल्यूपी इंजिनशी संबंध नाही’ अशी टिक करायची सक्ती आली.

याच गोंधळात एक गोष्ट अनेकांना पहिल्यांदाच कळली. हे डॉट ऑर्ग ना फाउंडेशनच्या मालकीचं आहे ना कंपनीच्या. ते मुलनवेगचं व्यक्तिगत आहे!

कंपनी कोर्टात गेली. १० डिसेंबर २०२४ रोजी कॅलिफोर्नियातल्या न्यायालयानं अंतरिम मनाई हुकूम देऊन दरवाजे पूर्ववत उघडायला लावले. ती टिक गेली आणि तिच्या जागी नवी आली : ‘पिझ्झावर अननस छान लागतो’. हसू येतं खरं, पण त्या गमतीतही लॉगिनच्या पानावर काय असावं हे एकच माणूस ठरवत होता.

खटल्याचा निकाल काय लागायचा तो लागो. मुलनवेगचा मूळ प्रश्न खोटा नाही. फुकट मिळणाऱ्या वस्तूवर मोठं होणाऱ्यांनी तिच्या देखभालीला हात लावायचा की नाही? २०१४ पासून तो कंपन्यांना आपली ५ टक्के ताकद या कामाला द्या असं सांगत आलाय. पण तो प्रश्न त्यानं ज्या पद्धतीनं सोडवायला घेतला, त्यातून दुसराच प्रश्न उघडा पडला. घर सगळ्यांचं असलं आणि किल्ली एकाच खिशात असली, तर ते घर कितपत सगळ्यांचं?

उत्तर शोधणारेही आहेत. जून २०२५ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ‘फेअर’ हा प्रकल्प जाहीर झाला. अपडेट एकाच ठिकाणावर अवलंबून राहू नयेत, अनेक ठिकाणांहून मिळावेत, असा त्याचा हेतू. म्हणजे कोडला जी मुभा २००३ पासून आहे, तीच आता वाटपालाही.

आपलं इथे काय?

पुष्कळ. पुण्यातली आरटीकॅम्पसारखी कंपनी वर्डप्रेसच्या कामावर मोठी झाली. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर इथे वर्डकॅम्प, म्हणजे वर्डप्रेसवाल्यांचे मेळावे भरलेत. २०२६ च्या आशियाई वर्डकॅम्पसाठी मुंबईची निवड झाली. वर्डप्रेस मराठीतही आहे आणि ते मराठीत आणलं स्वयंसेवकांनी. ‘पोस्ट’ला पोस्टच म्हणायचं की नोंद, ‘ड्राफ्ट’ला मसुदा म्हटलं तर मावशीला कळेल का, असले निर्णय कुणीतरी बसून घेतलेले असतात. ते कुणीतरी तुम्हीही असू शकता.

आपल्यातले बहुतेक जण मात्र आजवर घेणाऱ्यांच्या रांगेत उभे आहेत. खुल्या कोडची मुभा कागदावर सगळ्यांना असते, पण तो कोड वाचून दुरुस्त करता येणारे हात नसतील तर वेळ आल्यावर फोर्क काढणार कोण? २००३ मध्ये बीटू वाचलं ते परवान्यामुळे, आणि परवाना वापरणारे दोन जण पुढे आले म्हणून. त्यातला एक एकोणीस वर्षांचा होता.

सुरुवात कशी कराल?

* भाषांतर : वर्डप्रेसच्या भाषांतर विभागात खातं उघडून मराठी निवडा आणि वाक्य सुचवा. संपादक तपासून मान्य करतात. प्रोग्रामिंग यायची गरज नाही.
* चाचणी : नवी बीटा आवृत्ती आली की आपल्या लॅपटॉपवर चढवून पाहा. अडलं तिथे नोंद करा. ग्राहकाच्या चालू साइटवर हे प्रयोग करू नका!
* कोड : नवख्यांसाठी सोप्या चुका वेगळ्या काढून ठेवलेल्या असतात. पीएचपी किंवा जावास्क्रिप्ट येत असेल तर तिथून सुरू करा.
* ज्यांच्या साइट करता त्यांच्यासाठी : डोमेन ग्राहकाच्या नावावर ठेवा, फाइल्स आणि डेटाबेस दोन्हींचा बॅकअप होस्टिंगच्या बाहेर ठेवा. किल्ली ज्याच्या घराची, त्याच्याच खिशात.