८.४ हा आकडा येतो कुठून?

केज तालुक्यातल्या नांदूरघाटहून थेटरात पिक्चर बघायला जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो. गाडी काढायची, बीड नाहीतर अंबाजोगाई गाठायची, तिकिटं, लेकरांचं खाणं, येताना जेवण. पाच माणसांच्या घराला हजार-बाराशे रुपये सहज लागतात. म्हणून निघायच्या आधी कुणीतरी मोबाइल उघडून विचारतं, "रेटिंग किती हाय रं?" ८.४ दिसलं की गाडी निघते, ५.२ दिसलं की बेत रद्द. ज्या आकड्यावर घराचा बेत ठरतो तो कसा तयार होतो हे एकदा नीट पाहून ठेवलं पाहिजे. त्यात पैसे वाचतात, आणि एखादा चांगला पिक्चर हुकायचाही वाचतो.

मुळात सगळीकडचं रेटिंग एकाच गोष्टीचं नसतं. प्रत्येक ठिकाणी लोकांना वेगळा प्रश्न विचारलेला असतो.

चित्रपटांची माहिती देणारं आयएमडीबी हे संकेतस्थळ घ्या. कोल नीडहॅम या इंग्लंडमधल्या सिनेमावेड्या माणसाने १९९० साली ते सुरू केलं, १९९८ मध्ये ॲमेझॉनने विकत घेतलं. प्राइमवर पिक्चरच्या खाली दिसतो तो आकडा हाच. इथे खातं उघडलेला कोणीही १ ते १० मधला आकडा देऊ शकतो. तिकीट काढलं होतं का, पिक्चर पाहिला तरी का, हे कोणी विचारत नाही. आलेल्या मतांची साधी सरासरीही काढत नाहीत. काही मतांना कमी-जास्त वजन देतात आणि ते कसं, हे मुद्दाम उघड करत नाहीत, कारण उघड केलं की लोक त्यातून वाट काढतील.

त्यांच्या सर्वोत्तम २५० चित्रपटांच्या यादीची पद्धत मात्र जाहीर आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. तत्त्व असं, की थोड्या मतांवर एकदम विश्वास ठेवायचा नाही. प्रत्येक चित्रपटाच्या खात्यात आधीच काही मध्यम मतं टाकायची आणि मग खरी मतं मिसळायची. हिशेब सोपा करून पाहू. समजा, आधीची मतं १०००, प्रत्येकी ६.५ ची. एका चित्रपटाला ५० लोकांनी सरासरी ९.५ दिले. मिसळल्यावर उत्तर येतं साधारण ६.६. दुसऱ्याला २०,००० लोकांनी सरासरी ८ दिले, तर उत्तर ७.९ च्या पुढे. वरवर पाहिलं तर पहिला दीड गुणाने पुढे होता. पण ५० मतं म्हणजे नट-दिग्दर्शकाचे सोयरे आणि युनिटमधली माणसंच असू शकतात. ही मिसळ रोजच्या वापरात आपल्यालाही मनातल्या मनात करता येते: आकड्याशेजारी कंसात मतं किती आहेत ते आधी बघायचं. ती शे-दोनशेच असतील, तर तो आकडा अजून कच्चा समजायचा.

समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या साइटवरची टक्केवारी वाचताना शिकलेली माणसंही फसतात. ९० टक्के म्हणजे शंभरपैकी नव्वद गुण नव्हेत. शंभरपैकी नव्वद समीक्षकांनी ‘बरा आहे’ किंवा त्याहून चांगलं म्हटलं, एवढाच त्याचा अर्थ. दहाच्या दहा समीक्षकांनी दहापैकी सहा दिले तरी त्या चित्रपटाला १०० टक्के मिळू शकतात. दुसऱ्या एखाद्याला आठ जणांनी नऊ-नऊ दिले आणि दोघांना तो अजिबात आवडला नाही, तर त्याचे ८० टक्के. आता सांगा, नांदूरघाटहून गाडी काढायची तर यातल्या कोणत्यासाठी काढाल? मी तरी ८० टक्केवाल्यासाठी काढीन. शिवाय तिथे टक्केवारी लागायला ठरावीक किमान समीक्षा जमाव्या लागतात, आणि बहुतेक मराठी चित्रपटांच्या नशिबी तेवढ्याही येत नाहीत. तिथे आकडा दिसला नाही म्हणून चित्रपट वाईट ठरत नाही.

बुकमायशोवर प्रदर्शनाआधी दिसणारी ‘इंटरेस्टेड’ लोकांची संख्या हे रेटिंग नव्हेच, ती नुसती उत्सुकता आहे. नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये तारे काढून अंगठा आणला. त्याबरोबर आलेली ‘मॅच’ची टक्केवारी चित्रपटाच्या दर्जाबद्दल काही सांगत नाही, तुमचं आधीचं बघणं पाहून तुम्हाला हा रुचेल का, याचा तो अंदाज असतो. घरात एकाच खात्यावर आजोबा कीर्तन आणि नातू कार्टून बघत असेल, तर तो अंदाज कोणासाठी? यूट्यूबवर दक्षिणेतले हिंदीत डब केलेले पिक्चर गावोगाव पाहिले जातात. तिथे नापसंतीचा आकडा नोव्हेंबर २०२१ पासून लपवलेला आहे. कोट्यवधी व्ह्यूज म्हणजे कोट्यवधी वेळा कोणीतरी सुरू केला, आवडला की नाही ते त्यावरून कळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं: मत देतं कोण? २९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’ लागला तेव्हा ग्रामीण भागात काही थेटरांनी मध्यरात्रीचे आणि पहाटेचे खेळ लावले. शंभर कोटींचा टप्पा गाठणारा तो पहिला मराठी चित्रपट. त्या गर्दीतल्या किती जणांनी घरी जाऊन इंग्रजी साइटवर खातं उघडून दहापैकी गुण दिले असतील? बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आसपास हजारो जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. फडाजवळच्या झोपडीत, कोपीवर, रात्री मोबाइलवर पिक्चर तीही बघतात. त्यांची आवड-नावड कोणत्याच आकड्यात उतरत नाही. बायकांचंही थोडंफार तसंच आहे: आयएमडीबीवर मत देणाऱ्यांत पुरुषांचं प्रमाण बरंच जास्त असल्याचं त्यांच्याच आकडेवारीतून पूर्वी दिसत असे. ‘बाईपण भारी देवा’ २०२३ मध्ये बायकांनी गटागटाने, साड्या नेसून, गाड्या करून जाऊन चालवला. तो किती जवळचा वाटला, हे दहापैकी किती यात सापडणार नाही. एकीने दुसरीला सांगितलं, यातच ते सापडतं.

आणि काही मतं चित्रपटासाठी दिलेलीच नसतात. १४ फेब्रुवारी २०१४ हा शुक्रवार बघा. त्या दिवशी यशराजचा ‘गुंडे’ लागला. ‘गुंडे’च्या सुरुवातीला १९७१ च्या युद्धाबद्दल जे सांगितलं होतं त्यावरून बांगलादेशात संताप झाला आणि हजारो लोकांनी ठरवून १ गुण दिला. रेटिंग १.४ पर्यंत उतरलं, जगातल्या सर्वात वाईट चित्रपटांत त्याची गणना झाली. ‘गुंडे’ काही थोर चित्रपट नव्हे, पण इतकाही वाईट नव्हता. तो १.४ हा आकडा संतापाचा होता. २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतरचा राग ‘सडक २’वर असाच निघाला. उलट बाजूनेही असंच होतं. २०२१ मध्ये ‘जय भीम’ ९.६ वर जाऊन ‘द शॉशँक रिडेम्प्शन’च्याही पुढे दिसला. चित्रपट चांगलाच आहे, पण पहिल्या आठवड्यात धावून जाऊन मत देतात ते प्रेमात असलेले लोक. नंतर आकडा खाली बसला. मार्च २०२२ मध्ये ‘द काश्मीर फाइल्स’च्या पानावर तर आयएमडीबीनेच सूचना लावली होती, की मतदान नेहमीसारखं दिसत नाही म्हणून गणनेची वेगळी पद्धत लावली आहे. अशी सूचना दिसली, की तो आकडा बाजूला ठेवावा.

हे ओळखायची सोपी खूण आहे. आयएमडीबीवर आकड्यावर बोट ठेवलं की १ पासून १० पर्यंत कुणी किती दिले याच्या पट्ट्या उघडतात. नेहमीच्या चित्रपटात मधे कुठेतरी, ६-७-८ च्या आसपास, फुगवटा असतो आणि दोन्ही टोकांकडे पट्ट्या लहान होत जातात. १० ची पट्टी थोडी जास्त असणं नेहमीचंच. पण १ आणि १० च्याच पट्ट्या लांब आणि मधे सगळं मोकळं दिसलं, तर तिथे दोन गटांचं भांडण चालू आहे. अशा वेळी सरासरी ५.५ आली तरी ‘मध्यम चित्रपट’ असं कोणीच म्हटलेलं नसतं.

मग लिहिलेल्या रिव्ह्यूंकडे वळावं, तेही ५ ते ७ गुण देणाऱ्यांच्या. त्यांना काहीतरी आवडलेलं असतं, काहीतरी खटकलेलं असतं आणि ते कारणासकट सांगतात. ‘पहिला अर्धा भाग संथ, पण आईची भूमिका लाजवाब’ हे वाक्य मला कोणत्याही आकड्यापेक्षा उपयोगी वाटतं, कारण संथपणा मला चालतो की नाही ते मला ठाऊक असतं. एखादा समीक्षक, वर्तमानपत्रातला असो की यूट्यूबवरचा, सलग वाचत-ऐकत गेलं की त्याची आवड आपल्याला कळते. त्याला न आवडलेलं आपल्याला नेहमी आवडतं, असं असलं तरी तो कामाचाच.

लेकरं बरोबर असतील तर रेटिंग बघण्याआधी प्रमाणपत्र बघा. २०२४ च्या नियमांपासून यूए या वर्गाचे तीन भाग झाले आहेत: यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. ८.४ च्या चित्रपटातही सात वर्षांच्या पोराने पाहू नये अशी मारहाण असू शकते. ते सांगणं रेटिंगचं काम नाही. आणि शुक्रवारी सकाळी निघायची घाई नसेल, तर सोमवारपर्यंत थांबा. तोवर मतांची संख्या वाढते, प्रेमातल्यांचा आणि रागातल्यांचा पहिला लोंढा ओसरू लागतो, आणि बीडला जाऊन पिक्चर बघून आलेलं गावातलं कोणीतरी सोमवारी भेटतंच.