मधली काळी पट्टी

सप्टेंबरातली संध्याकाळ, साडेपाच वाजलेत. पांढरकवड्याबाहेर, नागपूर-हैदराबाद महामार्गालगतच्या वावरात मी धुऱ्यावर उभा आहे. सर नुकतीच पुढे सरकली आहे. पराटीची पानं अजून टपटपताहेत, पाठीवर ऊन आहे आणि समोर पूर्वेला, ट्रकांच्या रांगेपलीकडे, पाऊस कोसळतोच आहे.

"काका, दोन हायेत!" शेजारच्या वावरातली पोर ओरडते.

खरंच दोन. आतलं इंद्रधनुष्य ठसठशीत, बाहेरचं फिकट पण जास्त रुंद. पोर बोट वरून खाली नेत आतल्याचे रंग म्हणते, "तानापिहिनिपाजा". मग बोट बाहेरच्यावर जातं आणि ती अडखळते. तिथं जांभळा वर, तांबडा खाली. "हे उलटं हाय!"

पराटीच्या पानाच्या टोकाला लोंबणारा थेंब मी तिला दाखवतो. पावसाच्या थेंबात किरण शिरताना वाकतो, मागच्या बाजूवर आपटून परततो, निघताना पुन्हा वाकतो. ते आतलं धनुष्य. काही किरण थेंबात दोनदा आपटून मग बाहेर पडतात, म्हणून बाहेरच्याचे रंग उलटे. दर वेळी थोडा उजेड थेंबाबाहेर निसटतो, म्हणून ते फिकट.

पण मला आज खिळवून ठेवलंय ते दोन्ही तांबड्या पट्ट्यांमधल्या आभाळानं. आतल्या कमानीखाली आभाळ उजळलेलं आहे, बाहेरच्या कमानीवरही थोडं उजळ आहे, मध्ये मात्र पाटीसारखं काळपट. इ.स. 200च्या सुमारास अलेक्झांडर या ग्रीक विचारवंतानं ही पट्टी टिपली, तिला आजही त्याचंच नाव आहे. आपल्या डोक्याच्या सावलीच्या दिशेपासून मोजलं, तर एकदा परतलेला उजेड 42 अंशांच्या आतच राहतो, दोनदा परतलेला सुमारे 50 अंशांच्या पलीकडे. मधल्या थेंबांकडून या दोन्हींतला कुठलाच उजेड डोळ्यांपर्यंत पोचत नाही. फ्रेंच विचारवंत देकार्तनं 1637 साली हे कोन गणितानं मांडले.

आम्ही ते वितीनं मोजतो. हात ताणून, चिखलात पडलेल्या आपल्या डोक्याच्या सावलीपासून वर दोन विती: तांबडा पट्टा. त्यावर जेमतेम एक मूठ: काळी पट्टी. पोरीची वीत लहान, पण तिचा हातही आखूड. तिचंही माप जुळतं. तिच्या धनुष्याचं केंद्र तिच्या डोक्याच्या सावलीच्या दिशेला, माझ्याचं माझ्या. एकाच धुऱ्यावर उभे राहून आम्ही वेगवेगळ्या थेंबांचे रंग बघतोय.

ढग सूर्यावर येतो. आमच्या सावल्या आधी विरतात. दूरच्या पावसावर ऊन अजून आहे, म्हणून कमानी टिकून आहेत. मग बाहेरची जाते, तिच्यासोबत काळी पट्टीही. आतल्या कमानीचा एक पाय तेवढा महामार्गापलीकडे उरतो. पोरीची मूठ अजून आभाळाकडे धरलेली आहे.