बाकोबा : प्रमेयापासून गृहीतकापर्यंत

सिद्धता लिहिताना कंसात ‘बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटी’ असं कारण दिलं की विद्यार्थी निर्धास्तपणे पुढच्या पायरीकडे वळतो. दोन बाजू आणि त्यांमधला कोन जुळला, त्रिकोण एकरूप झाले. पण हे प्रमेय आहे की गृहीतक, याचा निवाडा व्हायला दोन हजारांहून अधिक वर्षं जावी लागली.

इसवी सनापूर्वी 300च्या सुमारास युक्लिडने ‘एलिमेंट्स’च्या पहिल्याच खंडात त्रिकोणांच्या एकरूपतेच्या कसोट्या मांडल्या. चौथं विधान बाकोबा, आठवं बाबाबा (तिन्ही बाजू), तर सव्विसाव्यात कोबाको (दोन कोन व मधली बाजू) आणि कोकोबा (दोन कोन व मधली नसलेली बाजू). बाकोबाच्या सिद्धतेत त्याने एक त्रिकोण उचलून दुसऱ्यावर ठेवला. ही रीत त्याने एरवी क्वचितच वापरली.

पाचवं विधान समद्विभुज त्रिकोणाचं : समान बाजूंसमोरचे कोन समान असतात. युक्लिडने त्यासाठी बाजू वाढवून बरीच रचना केली. आपल्या पुस्तकात शिरोकोनाचा दुभाजक काढतात. चौथ्या शतकातल्या पॅपस या ग्रीक गणितज्ञाने मात्र एकही रेघ वाढवली नाही. अबक त्रिकोणात अब = अक असेल, तर त्रिकोण अबक आणि त्रिकोण अकब यांचीच तुलना करा. अब = अक, अक = अब, कोन अ सामाईक. बाकोबानुसार दोन्ही एकरूप, म्हणून कोन ब = कोन क. त्रिकोणाची स्वतःशीच लावलेली ही संगती आजही वर्गात दाखवावी इतकी देखणी आहे.

पण ‘उचलून ठेवणं’ तर्कात बसतं का? 1557 मध्ये जाक पेलतिए या फ्रेंच गणितज्ञाने ही रीत भूमितीला शोभत नाही, असा आक्षेप घेतला. उत्तर मिळालं 1899 मध्ये. जर्मन गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्ट यांनी बाकोबाचा गाभाच गृहीतक म्हणून स्वीकारला आणि त्यांच्या इतर गृहीतकांवरून तो सिद्ध होऊ शकत नाही, हेही दाखवून दिलं. बाकीच्या कसोट्या त्यावर उभ्या राहिल्या.

आपल्याकडे युक्लिड संस्कृतात आला तो अठराव्या शतकात. जयपूरचे राजे सवाई जयसिंह यांच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटांनी अरबीवरून ‘रेखागणित’ सिद्ध केलं. त्याची छापील आवृत्ती विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतून निघाली.

आज महाराष्ट्रातली मुलं आठवीत त्रिकोण काढून, कापून, एकमेकांवर ठेवून एकरूपता पडताळतात. कसोट्यांवर विश्वास बसायला ही कृती हवीच. मात्र नववीत सिद्धता सुरू होताना शिक्षकांनी एवढं जरूर सांगावं, की बाकोबा आपण मान्य करून चाललो आहोत. सोबत अब = 6 सेमी, कोन ब = 30° आणि अक = 4 सेमी घेऊन त्रिकोण काढायला द्यावा. अ केंद्र घेऊन काढलेला कंस ब पासून निघालेल्या किरणाला दोन ठिकाणी छेदतो आणि दोन वेगळे त्रिकोण मिळतात. कोन दोन बाजूंच्या मधलाच का हवा, हे मग पाठ करावं लागत नाही. काय मानलं आणि काय सिद्ध केलं, यातला फरक ज्याला कळला, त्याला भूमिती कळू लागली.